मस्टँग टू फ्रंट सस्पेन्शन किट: १९५१ च्या शेव्हरोले पिकअपला बसवल्यावर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. किट चांगलं आहे. गाडी सरळ चालते, वळते आणि ब्रेक दाबला की थांबते. पैसे वसूल. पण जाहिरातीत 'वीकएंडला बसवा' असं छापतात त्याला भुलून कोणी एकट्यादुकट्याने ऑर्डर देऊ नये. वेल्डिंग हातात मुरलेला एक, सोळांश इंचासाठी हट्टाला पेटणारा एक आणि जड वस्तू निमूटपणे उचलणारे दोघं, एवढी माणसं शनिवारी हाकेला ओ देणार असतील तरच या फंदात पडा. नसतील तर दुसरे रस्ते आहेत, ते पुढे लिहिते.

कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. 'मस्टँग टू' या नावाने विकली जाणारी पुढच्या सस्पेन्शनची किटं अमेरिकेत बरेच जण बनवतात, रचना जवळपास एकच असते, आणि मी जे लिहिणार आहे ते त्यातल्या बहुतेक किटांना लागू पडावं.

आमची गाडी १९५१ ची शेव्हरोले ३१००, अर्ध्या टनाची पिकअप. शेव्हरोलेने १९४७ च्या उन्हाळ्यात ही 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' मालिका आणली आणि १९५५ उजाडेपर्यंत चालवली. गोल बॉनेट, फुगीर मडगार्ड, आडव्या पट्ट्यांची जाळी. चित्रात जुनी अमेरिकन पिकअप काढायची म्हटली की बहुतेक जण हीच काढतात. माझी नेब्रास्कातल्या एका शेतावरून आली. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इथल्या जुन्या गाड्यांच्या केबिनचे खालचे कोपरे हाताने चुरगाळता येतात. हिचे शाबूत होते, म्हणून घेतली.

मूळ इंजिन २१६ घनइंचाचं, सहा सिलिंडरचं. बेअरिंगं बॅबिट धातूची, आणि कनेक्टिंग रॉडच्या टोकाशी असलेले चमचे तेल घेत घेत फिरायचे. पुढचा अ‍ॅक्सल सलग, बीडाच्या नव्हे तर घडाई केलेल्या आय-आकाराच्या तुळईचा, खाली कमान पाटे, टोकाला किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर एकच खणाचा, म्हणजे एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. शेतातून गावात जायला गाडी उत्तम. पण आम्हाला आत बसवायचं होतं शेव्हरोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक व्ही-एट, ५.७ लिटरचं, आणि जायचं होतं हायवेवर. इंजिनाची ताकद तिपटीने वाढवायची आणि ब्रेक, स्टिअरिंग १९५१ चंच ठेवायचं, हे माझ्या बुद्धीला पटेना. माझे बाबा पिंपरीला टेल्कोत होते. 'पळवता येणं सोपं, थांबवता येणं कठीण' हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून स्कूटरपासून ट्रकपर्यंत प्रत्येक वाहनाबद्दल ऐकलंय.

मस्टँग टूच का? गंमत अशी की ती गाडी स्वतः कधी कोणाच्या गळ्यातला ताईत झाली नाही. फोर्डने ती १९७४ ते १९७८ या मॉडेल वर्षांत बनवली, छोट्या पिंटोची नातेवाईक, तेलटंचाईच्या काळातली. खपली भरपूर, पण मस्टँगवेडे आजही तिचं नाव काढलं की नाक मुरडतात. तिच्या पुढच्या सस्पेन्शनचं मात्र सोनं झालं. अरुंद, आटोपशीर, रॅक अँड पिनियन (दात्यांची पट्टी आणि छोटं गिअर) स्टिअरिंग, स्प्रिंग आणि चाक धरणारे दोन्ही आर्म एकाच क्रॉसमेंबरभोवती, म्हणजे चॅसीच्या दोन दांड्या जोडणाऱ्या आडव्या तुळईभोवती. हॉट रॉडवाल्यांनी, म्हणजे जुन्या गाड्यांना नवं, दमदार यंत्र घालणाऱ्या हौशी मंडळींनी, भंगारात गेलेल्या पिंटो आणि मस्टँग टूची पुढची अंगं कापून तीसचाळीस वर्षं जुन्या गाड्यांखाली घालायला सुरुवात केली. पुढे भंगार संपलं, मागणी राहिली. आजच्या किटात फोर्डचा मूळ असा एकही तुकडा नसतो, सगळं नव्याने बनवलेलं. नाव तेवढं उरलं.

आमच्या शेजारच्या आजोबांना हे अजिबात आवडलं नाही. माझी मुलं त्यांना 'आजोबा' म्हणतात आणि तेही त्या हाकेला ओ देतात. उभी हयात जीएममध्ये, म्हणजे शेव्हरोलेच्या मालक कंपनीत, टूल अँड डाय मेकर म्हणून गेली. शेव्हरोलेच्या पोटात फोर्डचं काही जाणार हे कळल्यावर त्यांनी मायक्रोमीटर मिटून डबीत ठेवला आणि कॉफी न पिताच घरी गेले. दुसऱ्या शनिवारी मात्र स्वतःचा ओळंबा घेऊन हजर.

खोके उघडून गॅरेजच्या फरशीवर सगळं रुखवतासारखं मांडलं. क्रॉसमेंबर, डावे-उजवे स्प्रिंग टॉवर, चॅसीत बसवायच्या बॉक्सिंग प्लेट, नळीचे वरचे-खालचे कंट्रोल आर्म, स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं ते), कॉइल स्प्रिंग, शॉक, रॅक, ११ इंची डिस्क आणि कॅलिपर. मूळ मस्टँग टूची डिस्क सव्वानऊ इंचांच्या आसपास होती, एवढ्या जड पिकअपला ती पुरेशी नाही, तेव्हा ११ इंचीलाच पैसे घाला. खालच्या आर्मचे दोन प्रकार मिळतात. एक मूळ पद्धतीचा, ज्याला तिरका स्ट्रट रॉड लागतो, आणि दुसरा रुंद पायाचा, ज्याला लागत नाही. आम्ही दुसरा घेतला. स्ट्रट रॉडसाठी चॅसीवर आणखी एक ब्रॅकेट वेल्ड करावा लागतो, आणि जितके वेल्ड कमी तितकं बरं.

धातूकाम पाहून मन खूश झालं. क्रॉसमेंबरवरचे कंपनीचे वेल्ड एकसारखे, बोल्ट ग्रेड आठचे, डिस्कची डगमग डायल लावून पाहिली तर नगण्य. बुशांच्या पुडीत एका मापाचे जास्त आणि दुसऱ्या मापाचे कमी निघाले. फोनवरच्या माणसाला न समजावता समजलं, बदली बुश आले. हे ठीक. जे ठीक नव्हतं ते माहितीपत्रक. काळेपांढरे फोटो झेरॉक्सवर झेरॉक्स काढून इतके गडद झालेले की आर्म कुठला आणि सावली कुठली ते कळू नये. 'चाकाचा मध्य अमुक भोकापासून मोजा' असं लिहिलंय, आणि आमच्या चॅसीवर त्या जागी जवळजवळ दोन भोकं. एवढ्या चांगल्या लोखंडासोबत एवढा वाईट कागद द्यायला लाज कशी वाटत नाही?

इथे आजोबा कामाला आले. त्यांनी किटातलं माप मानलंच नाही. जुना अ‍ॅक्सल जागेवर असताना, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, चाकाच्या मध्यातून ओळंबा सोडून चॅसीच्या दोन्ही दांड्यांवर खुणा केल्या. मग कमान पाट्याच्या मधल्या बोल्टवरून तीच खूण पडताळली. फरशीवर खडूने मध्यरेषा आखली. गाडी ज्या कोनात शेवटी उभी राहणार, म्हणजे नाक किंचित खाली, त्याच कोनात चॅसी जॅक स्टँडवर ठेवली, कारण क्रॉसमेंबर चॅसीला समांतर नव्हे, जमिनीला समतल बसायला हवा. मग दोन्ही कर्ण मोजले, पुन्हा मोजले, मला मोजायला लावले. त्यांचा आणि माझा आकडा जुळेपर्यंत ग्राइंडरची वायर त्यांनी खिशात ठेवली होती, हे अतिशयोक्ती न करता सांगते.

दुसरा खांब आमचा कोल्हापूरकर. नवऱ्याचा मित्र, इकडे सॉफ्टवेअर लिहितो, पण लहानपण उद्यमनगरात वडिलांच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं. त्याच्या भरवशावरच मी किट मागवलं होतं. या पिकअपच्या चॅसीची दांडी उघड्या 'सी' आकाराची आहे. क्रॉसमेंबर जिथे बसणार तिथे ती आतून प्लेट घालून बंद करावी लागते, नाहीतर स्प्रिंगचा भार घेताना पिळते. किटातल्या प्लेट किंचित मोठ्या निघाल्या. "वहिनी, हे बसंना झालंय," असं म्हणत त्याने प्रत्येक कड ग्राइंडरने चाखत चाखत उतरवली. चाळीस मिनिटांचं काम म्हणून पत्रकात जे लिहिलंय त्यात आमची सकाळ गेली, पण कागद सरकणार नाही अशी फट बसली.

त्याने वेल्डिंग कसं केलं ते लिहिते, कारण किटाचं यश यावरच आहे. जुना पुढचा क्रॉसमेंबर कापण्याआधी दोन्ही दांड्यांच्या मध्ये चौकोनी नळी आडवी टाकून टाके मारले, म्हणजे चॅसी फाकणार नाही. जुने रिबिट घासून, छिन्नीने उडवून काढले. मग नवीन क्रॉसमेंबर नुसत्या टाक्यांवर धरला, कर्ण परत मोजले, आणि मगच पक्कं वेल्ड. तेही सलग नाही. डावीकडे इंचभर, उजवीकडे इंचभर, मग थांबायचं, हात लावता येईल इतकं निवू द्यायचं. एका दमात मारलं तर उष्णतेने दांडी ओढली जाते आणि मग कुठलीही अलाइनमेंटवाली बाई-बुवा ती सरळ करू शकत नाही. मिग मशिन २२० व्होल्टचं होतं, आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणावर. घरगुती प्लगवरच्या छोट्या मशिनवर हे काम करू नका. आणि या गाडीत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते, ती आधी काढून अंगणापलीकडे ठेवा. आम्ही ती परत आत घातलीच नाही, हौद्याखाली नवी बसवली. डोक्यामागे पेट्रोल घेऊन फिरायची मला हौस नाही.

त्या दिवशी मजुरी म्हणून मिसळ होती. आजोबांनी तर्रीवर सावर क्रीम घालून खाल्ली, कोल्हापूरकराने 'ही पुण्याची मिसळ, आजाऱ्याला चालेल' असं प्रमाणपत्र दिलं आणि तीनदा घेतली.

आता किटाच्या किमतीबद्दल. खोक्यावर जो आकडा आहे तो खरा खर्च नाही, आणि हे कुठलाच विक्रेता आधी नीट सांगत नाही. पॉवर रॅक आणि ११ इंची डिस्क धरून मला अडीच हजार डॉलरच्या आत पडलं. पण या पिकअपच्या मूळ चाकांना सहा नट, साडेपाच इंची वर्तुळावर. किटाच्या हबला पाच नट, फोर्डचं साडेचार इंची वर्तुळ किंवा शेव्हरोलेचं पावणेपाच. म्हणजे पुढे पाच नट आणि मागे सहा. मागचा अ‍ॅक्सलही बदलायलाच हवा. तो तसाही बदलावा लागतोच, कारण १९५१ मध्ये प्रोपेलर शाफ्ट बंद नळीतून जायचा आणि नव्या गिअरबॉक्सला ती नळी जोडता येत नाही. पण ज्याने फक्त पुढचंच बजेट धरलंय त्याच्या पोटात गोळा येईल. आम्ही मागे फोर्डचा नऊ इंची अ‍ॅक्सल घातला, आजोबांचा निषेध नोंदवून, आणि पुढचे हब त्याच वर्तुळाचे मागवले.

मग ब्रेक. पेडल जमिनीतूनच ठेवले, त्यामुळे दोन खणांचा मास्टर सिलिंडर पायाखाली, कॅलिपरपेक्षा खाली बसतो. अशा वेळी तेल उताराने मागे वाहू नये म्हणून नळीत दाब धरून ठेवणारे छोटे वाल्व्ह लागतात. डिस्कच्या नळीत २ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक), ड्रमच्या नळीत १० पीएसआयचा. किटात ते नसतात. पत्रकात त्यांचा उल्लेखही नाही, आणि हा माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. ब्रेकच्या बाबतीत 'ज्याला माहीत असेल तो घालेल' हे चालत नाही.

स्टिअरिंगची कथा याहून लांब आहे, थोडक्यात सांगते. स्टिअरिंगची दांडी डाव्या बाजूने, इंजिनाच्या एक्झॉस्टच्या कुशीतून रॅकपर्यंत न्यायची असते. स्मॉल ब्लॉकला लांब पायांचे हेडर (एक्झॉस्टच्या सुट्या नळ्या) लावायचे असतील तर जागाच उरत नाही. आम्ही ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्डच ठेवलं. दांडीत दोनाऐवजी तीन सांधे आले, आणि तीन सांधे आले की मध्ये आधाराचं बेअरिंग सक्तीचं, नाहीतर दांडी उड्या मारते. दुसरं म्हणजे पंप. जीएमचा पंप जेवढा दाब देतो तेवढा फोर्ड धाटणीच्या रॅकला नको असतो, त्यामुळे स्टिअरिंगच्या चाकाला बोट लावलं तरी गाडी लेन सोडते. ऑफिसातल्या एका मित्राच्या हॉट रॉडवर आम्ही हे अनुभवलं होतं. दाब कमी करणारा वाल्व्ह पहिल्यापासूनच बसवला. त्याच मित्राने गाडीची सहा व्होल्टची वायरिंग उपटून बारा व्होल्टची नवी ओढली. त्याच्या एकेका वायरला चिठ्ठी लावलेली आहे, तेलुगूत. आता बिघाड झाला की त्यालाच बोलवावं लागतं, बहुधा मुद्दामच केलंय.

चालवायला कशी आहे? पहिल्यांदा गल्लीत फिरवली तेव्हा मला ती अंगाला सैल वाटली, कारण स्प्रिंग अजून बसली नव्हती. बॉनेट, मडगार्ड, रेडिएटर चढल्यावर नाक खाली आलं आणि खालचे आर्म जमिनीला समांतर झाले. हीच खूण आहे. पूर्ण वजनावर खालचा आर्म आडवा दिसला की उंची बरोबर. रबरी बुशांचे बोल्ट याच स्थितीत आवळायचे, हवेत लटकताना नाही. त्यानंतर गाडीचा स्वभावच बदलला. ६५ मैलांच्या वेगाला एका हाताने धरता येते. खड्डा एका चाकाला लागला तर फक्त त्याच चाकाला कळतो. मी ऐतिहासिक वाहनाची नंबर प्लेट घेतली नाही, साधीच घेतली. मिशिगनमध्ये ऐतिहासिक प्लेटवर गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, अपवाद फक्त ऑगस्ट महिन्याचा. आणि मला मार्चमध्येही कँटनच्या इंडियन ग्रोसरीतून तांदळाची पोती हौद्यात टाकून आणायची असतात.

ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. तिथे थांबत-सरकत तासन् तास जातात. पॉवर रॅकचे पैसे त्या दिवशी फिटले. बाजूच्या रांगेतला एक सलग अ‍ॅक्सलवाला गृहस्थ वळताना खांद्यातून जोर लावत होता, मी तळव्याने फिरवत होते. शोभा मात्र त्याच्याच गाडीला जास्त होती, हेही कबूल. पुढून वाकून पाहिलं की आय-तुळई, पाटे, किंगपिन दिसणं यात जी मजा आहे ती माझ्या काळ्या रंगवलेल्या क्रॉसमेंबरमध्ये नाही.

म्हणून पर्यायांबद्दल. गावातल्या गावात, पन्नासच्या आतच चालवणार असाल आणि वेल्डर मित्र नसेल, तर मूळ अ‍ॅक्सल ठेवा. किंगपिन नवे घाला, डिस्क ब्रेक जोडायचा संच मिळतो तो लावा, दोन खणांचा मास्टर सिलिंडर बसवा. सगळं बोल्टने बसतं. बरेच जण शेव्हरोलेच्याच एस-टेन या छोट्या पिकअपची अख्खी चॅसी खाली घालतात. लांब हौद्याच्या एस-टेनचा व्हीलबेस ११८ इंचांच्या आसपास आणि या गाडीचा ११६, त्यामुळे ते मोहक दिसतं. स्वस्तही पडतं. पण केबिनचे, हौद्याचे, रेडिएटरचे सगळे आधार नव्याने बनवावे लागतात, म्हणजे वेल्डिंग टळत नाहीच, फक्त जागा बदलते. आणि पैसे असतील तर तयार चॅसी मिळते, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल सगळं लावून. मग मात्र मित्रांना मिसळ कशाबद्दल खाऊ घालायची हा प्रश्न उरतो.

घेणाऱ्यांना शेवटचं एक. अलाइनमेंटवाले तुमची गाडी पाहून हात वर करतील, कारण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये '१९५१ शेव्हरोले, मस्टँग टू सस्पेन्शन' असं काही नसतं. आमच्या जवळच्या एका दुकानाने चक्क परत पाठवलं. जिथे एखादा पिकल्या केसांचा मेकॅनिक दिसेल तिथे जा आणि आकडे कागदावर लिहून न्या. पॉवर रॅकवर आम्ही कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कल) ४ अंश धन ठेवला, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) शून्य ते अर्धा अंश ऋण आणि टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली असणं) सोळांश इंच. साधा रॅक असेल तर कॅस्टर २ च्या आसपासच ठेवा, नाहीतर पार्किंगमध्ये दंडाचे स्नायू भरून येतील.